आपल्या रानाचा नकाशा वाचायला शिका

नागपूरहून कुठल्याही दिशेने निघा, दीड-दोन तासांत जंगल लागतं. उत्तरेला पेंच, नैर्ऋत्येला बोर, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, पूर्वेला भंडारा ओलांडला की नागझिरा. गोरेवाड्याचं रान तर शहराला लागूनच आहे. दिवाळी सरली की पक्षी बघणारे, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, शाळांची निसर्गशिबिरं, रामटेक-पारशिवनीकडच्या टेकड्यांवर भटकणारी तरुण मंडळी असे सगळे बाहेर पडतात. यातल्या फार थोड्यांच्या पिशवीत नकाशा असतो, होकायंत्र त्याहूनही थोड्यांच्या. विचारलं तर खिशातला मोबाईल दाखवतात.

या सगळ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की या हिवाळ्यात नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिका. विदर्भाच्या रानात वाट चुकणं फार सोपं आहे. पण हे कौशल्य शिकायला आपल्या इतकी सोयीची जागाही क्वचितच सापडेल.

सह्याद्रीत माणूस चुकला तरी मान वर केली की एखादा सुळका, एखाद्या किल्ल्याचा माथा दिसतो आणि आपण कुठल्या बाजूला आहोत याचा अंदाज लागतो. आपल्याकडे तसं नाही. जमीन जवळजवळ सपाट, टेकड्या बुटक्या, आणि सागाचं रान चहूबाजूंनी सारखं. पावसाळ्यानंतर सागाची पानं आणि कमरेएवढं गवत मिळून पन्नास पावलांपलीकडचं काही दिसू देत नाहीत. नाले एकासारखे एक. गुरांच्या पायवाटा एकमेकींत मिसळतात, फुटतात, आणि कुठेही न पोचता संपतात. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या गावकऱ्यांना यातली प्रत्येक वाट नावानिशी ठाऊक असते. माझं हे सांगणं त्यांच्यासाठी नाही. ते शहरातून जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी आहे.

मोबाईलबद्दल आधी बोलून घेऊ. जीपीएसला नेटवर्क लागत नाही हे खरं. पण पडद्यावरचा नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका तेवढा दिसतो. नेटवर्क शोधत राहिल्याने बॅटरी भराभर उतरते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की फोन तापून आपणहून बंद पडतो. आणि सगळं व्यवस्थित चाललं तरी तळहाताएवढ्या पडद्यावर आजूबाजूचा दहा किलोमीटरचा मुलूख एकदम, बारकाव्यांसकट डोळ्यांसमोर येत नाही. मोबाईल जवळ ठेवाच, पण त्याच्या भरवशावर रानात शिरू नका.

दिशा ओळखण्याच्या ज्या युक्त्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच थंड देशांतल्या आहेत. दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, म्हणे. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 21 अंश अक्षांशावर आहे. 26 मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी उत्तरेकडे कललेला असतो. त्या काळात ही युक्ती वापरली तर माणूस बरोब्बर उलट दिशेला जाईल. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून 21 अंशच वर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका वितीएवढा. झाडीत तो दिसतच नाही. झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळ असतं हेही आपल्या कोरड्या पानगळीच्या रानात उपयोगाचं नाही.

सर्वांत धोक्याचा सल्ला म्हणजे ‘नाल्याच्या काठाने खाली चालत राहा, गाव लागेल’. आपले नाले वर्षातले बरेच महिने कोरडे असतात आणि वळणं घेत घेत एका किलोमीटरचे तीन करतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाल्याचं वाळूचं पात्र हा वाघाचा आणि बिबट्याचा नेहमीचा रस्ता आहे. पेंचमध्ये कुठल्याही वनरक्षकाला विचारा, पावलांचे ठसे शोधायला तो आधी नाल्यात उतरेल.

आता सोय कोणती ते सांगतो. होकायंत्राची सुई खऱ्या भौगोलिक उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. जगात अनेक ठिकाणी या दोन उत्तरांत दहा-पंधरा अंशांचाही फरक असतो. तिथल्या लोकांना दर वेळी बेरीज-वजाबाकी करावी लागते, आणि शिकणारे नेमके तिथेच अडखळतात. नागपूरच्या परिसरात हा फरक एक अंशाहूनही कमी आहे. पायी फिरणाऱ्याने तो बाजूला ठेवला तरी चालतं. पाश्चात्त्य पुस्तकातलं एक अख्खं अवघड प्रकरण आपल्याला वगळता येतं.

दुसरी सोय आपल्या शहराची आहे. नागपूर हे नकाशांचं शहर आहे, हे आपण विसरतो. मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय इथे आहे, भारतीय खाण ब्युरोचं आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, आणि उपग्रहांच्या चित्रांवरून राज्याचे नकाशे करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात आहे. झिरो माईलच्या खांबापाशी आपण चार घोडे बघतो आणि पुढे जातो. शेजारच्या दगडावर 1907 साल आणि समुद्रसपाटीपासूनची 1020.171 फूट ही उंची कोरलेली आहे. थोर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती खूण. अशा खुणांवरूनच नकाशातल्या उंचीचे आकडे आले.

त्या सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्ब्टन आपल्याच मातीत झोपला आहे. 1802 साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून त्याने काम सुरू केलं आणि टेकडीमागून टेकडीवर अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. नागपूरला येत असताना वाटेत हिंगणघाटला 20 जानेवारी 1823 रोजी तो वारला. त्याची कबर हिंगणघाटात आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी नेली. यंत्र उचलणारे खलाशी, डोंगरमाथ्यावर झेंडे घेऊन उभे राहणारे, तापाने रानात मेलेले आपले असंख्य लोक, त्यांची नावं कुठल्या शिळेवर नाहीत. नकाशाचा कागद हातात घ्याल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. दोन ठिकाणांवरून तिसऱ्याचा कोन मोजून जागा पक्की करायची, ही त्यांची रीत. आपण होकायंत्राने करणार आहोत ते याच कामाचं लहान रूप आहे.

नकाशा कुठला घ्यायचा? सर्व्हे ऑफ इंडियाचा, 1:50,000 प्रमाणाचा. त्यावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की हे नकाशे फुकट उतरवून घेता येतात. छापताना कागदात बसवण्यासाठी लहान-मोठा करू नका, नाहीतर प्रमाणच बिघडेल. छापून आल्यावर खालची प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजून बघा. गावनकाशा किंवा सातबाऱ्याबरोबरचा नकाशा इथे कामाचा नाही, कारण त्यात शेताच्या हद्दी असतात, जमिनीचा चढउतार नसतो.

पहिल्या दिवशी रंग शिका. हिरवं ते जंगल, पिवळी ती वहिवाटीची शेती, तांबड्या सडका आणि वस्ती, तपकिरी त्या समोच्च रेषा. निळा रंग पाण्याचा, पण इथेच एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या नाल्यात बारमाही पाणी नाही तो या नकाशात काळ्या रेषेने दाखवतात. आपल्या भागाचा नकाशा उघडलात तर काळ्या रेषांचं जाळं दिसेल. नवखा माणूस त्या प्रत्येक रेषेला ओढा समजतो आणि रिकामी बाटली घेऊन तिथे जातो. काळी रेषा म्हणजे पाणी नाही. एप्रिल-मेमध्ये तर निळ्यावरही विसंबू नका, लागेल तेवढं पाणी घरूनच न्या.

समोच्च रेषा समजायला थोडा वेळ द्या. एका उंचीच्या सगळ्या जागा जोडणारी ती रेषा. या नकाशात दोन रेषांमध्ये 20 मीटरची उंची असते. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ खडा, पांगल्या की जमीन सपाट. सह्याद्रीत यावरच सगळा नकाशा वाचता येतो. आपल्याकडे मात्र पंधरा मीटरची टेकडी दोन रेषांच्या मध्ये सहज दडते. समोर टेकडी दिसते आणि नकाशात काहीच नाही, म्हणून घाबरू नका. आपल्या भागात टेकड्यांपेक्षा नाल्यांची वळणं, दोन नाल्यांचे संगम, तलावांचे बांध, पांदण रस्ते आणि जंगल संपून वावर सुरू होतं ती कड यांवर जास्त भर द्या.

नकाशाच्या तळाशी सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तोतलाडोह धरणाआधीच्या सर्वेक्षणाचा कागद हाती आला तर आज जिथे जलाशय पसरला आहे तिथे तुम्हाला पेंच नदीचं पात्र दिसेल. समृद्धी महामार्ग तर जुन्या नकाशात नाहीच, आणि तो कुंपणाने बंद असल्याने हवा तिथून ओलांडताही येत नाही.

होकायंत्र घेताना पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, फिरती चकती असलेलं घ्या. त्याला बेसप्लेट कंपास म्हणतात. एनसीसीच्या मुलांना मॅप रीडिंग शिकवताना प्रिझमॅटिक कंपास देतात, तो उत्तम असतो, पण जड आणि महाग. कामठीला एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे, आणि तिथे शिकून आलेले शिक्षक आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत आहेत. त्यांना गाठा. यूट्यूबपेक्षा अशा माणसाजवळ बसून घालवलेली एक सकाळ जास्त शिकवते.

सरावाला रामटेकच्या गडावर जा. हवा स्वच्छ असलेली सकाळ निवडा. नकाशा पसरा, त्यावर होकायंत्र ठेवा आणि नकाशाची उत्तर सुईच्या उत्तरेशी जुळेपर्यंत कागद फिरवा. आता नकाशातली प्रत्येक गोष्ट जमिनीवर त्याच बाजूला असेल. पश्चिमेला मनसर, दक्षिणेला नगरधनचा किल्ला, पूर्वेकडे खिंडसीचं पाणी. प्रत्येकाकडे पट्टीचा बाण रोखा, चकती फिरवून सुईचं तांबडं टोक तिच्या खुणेत आणा आणि अंश वाचून लिहून घ्या. मग त्या-त्या अंशाची रेघ नकाशावर, त्या ठिकाणापासून स्वतःकडे ओढा. तीन रेघा सहसा एका बिंदूत मिळत नाहीत, एक बारकासा त्रिकोण होतो. तुम्ही त्या त्रिकोणात किंवा त्याच्या अगदी लगत उभे आहात. गडाचं मंदिर त्या त्रिकोणात आलं तर तुमचा हात बसला. त्रिकोण मोठा आला तर पुन्हा मोजा. कमरेचा पट्टा, मोबाईल, मोबाईलच्या कव्हरमधलं चुंबक, लोखंडी कठडा यांपैकी काहीतरी जवळ असेल. त्याच पट्ट्यात मनसर, कांद्री, बेलडोंगरीच्या मँगनीजच्या खाणी आहेत, तिथली काही खनिजं स्वतःच चुंबकीय असतात. खाणीजवळ सुईवर एकदम विश्वास टाकू नका, दोन जागी मोजून ताडून पाहा.

कालिदासाचा यक्ष याच रामगिरीवर होता, असं वा. वि. मिराशींनी मांडलं आणि नागपूरकरांनी ते मनापासून मानलं. तो मेघाला उत्तरेची वाट सांगतो तीही नद्या, डोंगर आणि नगरं यांच्या क्रमाने. जाणता माणूस आजही वाट अशीच सांगतो.

मग चालायचा सराव. नकाशावर पट्टीची कड निघण्याच्या जागेपासून पोचायच्या जागेपर्यंत ठेवा, चकतीतल्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करा. होकायंत्र छातीशी धरून, सुई खुणेत येईपर्यंत अख्खं अंग वळवा. बाण दाखवेल ती तुमची दिशा. हातातल्या सुईकडे बघत चालू नका. त्या रेषेत येणारं एक ओळखू येण्याजोगं झाड निवडा, वठलेलं, वाकलेलं, पांढऱ्या खोडाचं कुलू असेल तर फारच छान. तिथवर जा. मग पुढचं झाड. दिशेत पाच अंशांची चूक झाली तर एका किलोमीटरवर तुम्ही जवळपास 87 मीटर बाजूला पोचता, आणि दाट सागवानात 87 मीटरवरची वनचौकीही दिसत नाही. म्हणून नेमक्या चौकीवर जाण्यापेक्षा मुद्दाम थोडं एका बाजूला रोख धरा. चौकीसमोरच्या सडकेवर पोचलात की चौकी डावीकडे की उजवीकडे हा प्रश्नच उरत नाही.

पावलं मोजायला शिका. डावा पाय टेकला की एक. सपाटीवर साधारण 60 ते 70 डाव्या पावलांत 100 मीटर होतात. तुमचा आकडा शाळेच्या मैदानावर टेप लावून काढून घ्या. दर शंभर मीटरला एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात. रानात अंतराचा अंदाज नेहमी चुकतो, थकलेल्या माणसाला अर्धा किलोमीटर दोन किलोमीटरसारखा वाटतो. खिशातले खडे खरं सांगतात.

निघण्याआधी घरीच नकाशावर एक गोष्ट ठरवा. सगळं चुकलं तर कुठल्या दिशेला सरळ चाललं की न चुकता एखादी मोठी आडवी रेषा लागेल? राष्ट्रीय महामार्ग 44 मनसर, देवलापारवरून उत्तरेला जातो. त्याच्या पश्चिमेच्या रानात असाल तर पूर्व धरली की सडक आडवी येणारच. कुठे कालवा असेल, कुठे रेल्वे, कुठे जाळरेषा. ती दिशा बरोबरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा, मुलांना तर पाठच करायला लावा.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात, अभयारण्यात परवानगीशिवाय पायी शिरायचं नाही. नकाशा वाचता येतो म्हणून वाघाचं घर आपल्याला मोकळं होत नाही. सराव रामटेकला करा, गावशिवारात करा, शेतकऱ्याला विचारून त्याच्या धुऱ्यावरून करा. जंगलातल्या निसर्गवाटेवर जायचं तर वनखात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊनच. तो वाटाड्या सांगेल ती नाल्यांची, बोड्यांची, खोऱ्यांची नावं आपल्या नकाशावर पेन्सिलीने लिहून घ्या, त्यातली बरीच छापील नकाशात नसतात. मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्यानेही नवेगावचं रान माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या तिथल्या जाणत्याच्या पायाशी बसून समजून घेतलं. वनरक्षकांकडूनही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते तेव्हा ते दोन किलोमीटरच्या आखलेल्या रेषेवरून पहाटे चालतात, आणि चितळ-सांबर दिसलं की त्याचा कोन होकायंत्राने मोजून नोंदवतात.

एवढं करूनही चुकलात तर थांबा. बसा, पाणी प्या. शेवटची खात्रीची जागा कोणती होती आणि तिथून किती वेळ चाललो ते नकाशावर बघा. हाका एकत्र राहून मारा, शोधायला एकेकटे पांगू नका. अंधार पडायला आला असेल तर चालत राहू नका, उघड्या जागी एकत्र बसून राहा. नाल्यात आणि पाणवठ्यापाशी बसू नका. नेटवर्क मिळालं तर 112 किंवा वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि आपला अक्षांश-रेखांश सांगा. आणि निघतानाच घरी एका कागदावर कुठे जातोय, किती वाजता परतणार, कोण कोण बरोबर आहे हे लिहून ठेवलेलं असू द्या. शोध घेणाऱ्यांना त्या कागदाइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

भूगोलाच्या शिक्षकांना एक विनंती. नकाशावाचन हा परीक्षेत गुण मिळवून देणारा प्रश्न म्हणून शिकवला जातो, आणि बहुतेक मुलं शाळा सोडेपर्यंत आपल्या स्वतःच्या तालुक्याचा नकाशा एकदाही जमिनीशी जुळवून बघत नाहीत. वर्गातल्या मुलांना एकदा शाळेच्या गच्चीवर न्या, पाच मुलांत एक होकायंत्र द्या, आणि कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी किती अंशांवर आहेत ते मोजायला सांगा. पुढचं मुलं आपणहून विचारतील.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे नागपूर शहराचा बराचसा भाग 55 ओ/4 या कागदावर येतो, रामटेक 55 ओ/7 वर. नव्या मालिकेत क्रमांक वेगळे आहेत, पण संकेतस्थळावर जागा निवडली की कागद सापडतो. येत्या रविवारच्या आत तो छापून घ्या, आणि त्यावर आधी आपलं घर शोधा.